हाताने चालणारी होडी : वल्ह्याच्या जागी यंत्र बसवण्यापूर्वी

शिलाई मशीन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार पूर्वी एकच प्रश्न विचारायचा : हाताचे की पायाचे? हाताचे मशीन स्वस्त, उचलून कुठेही नेता येते, घरात जागा अडवत नाही. पण उजवा हात मुठीवर गुंतला की कापड सरकवायला एकटा डावा हात उरतो. चादरीची सरळ शिवण असेल तर भागते. कॉलर आली, बाही आली, काखेचा घेर आला की शिंपी मेटाकुटीला येतो. म्हणून ज्याला पोट भरायचे होते त्याने चार पैसे जास्त टाकून पायाचेच मशीन घेतले आणि हाताचे मशीन घरच्या बायकांच्या फावल्या वेळेपुरते राहिले.

आम्ही कापडाच्या व्यापारातली माणसे. होडीशी आमचा संबंध खाडी ओलांडण्यापुरता. पण कोकणातल्या पेठांत माल देता-घेता वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या काही कारागीर बांधवांशी ओळखी झाल्या, आणि त्यांतल्या दोघा-तिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच कल्पना आमच्यापुढे मांडली : लहान होडीला मुठीने फिरवायचा पंखा बसवायचा. इंजिन नको, तेल नको, वल्हे मारायची कला शिकायला नको. सायकलचे दातेरी चाक, साखळी, एक दांडा आणि टोकाला पंखा. "चाचा, थोडे भांडवल लावा, दहा नग करून विकून दाखवतो," असे त्यांचे म्हणणे. कल्पना ऐकायला बरी वाटते. पैसे लावण्यापूर्वी माल पारखावा ही व्यापाऱ्याची सवय, म्हणून या धंद्याचा मागचा इतिहास आम्ही थोडा चाळून पाहिला. तो बराच जुना निघाला, आणि कामाचाही.

वल्ह्याशी स्पर्धा सोपी नाही

पहिली गोष्ट अशी की वल्हे हे एक हत्यार नाही, पाच-सहा हत्यारे आहेत. त्याने होडी पुढे जाते, मागे येते, वळते, थांबते. पाणी किती खोल आहे ते त्यानेच कळते. गाळात रुतलेली होडी त्यानेच ढकलून काढतात, धक्क्यावर आपटू लागली तर त्यानेच दूर लोटतात, आणि कोणी पाण्यात पडला तर त्याच्यापुढे तेच धरतात. काश्मीरच्या दल सरोवरातला शिकारेवाला बदामाच्या पानासारख्या पसरट पात्याच्या एका वल्ह्याने सवाऱ्यांनी भरलेली होडी चालवतो आणि वळवतोही. मोडले तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत दुसरे करून देतो. सुटा भाग शहरातून मागवावा लागत नाही.

यंत्र विकणारा म्हणतो, माझा पंखा वल्ह्यापेक्षा जास्त पाणी ढकलतो. ते खरे असू शकते. चांगल्या पंख्यात ताकद कमी वाया जाते, शिवाय वल्हे प्रत्येक खेपेला हवेतून रिकामे परत येते, पंख्याला तो रिकामा फेरा नाही. पण गिऱ्हाईक पंख्याची तुलना वल्ह्याच्या एका कामाशी करत नाही, सगळ्या कामांशी करतो. पंखा बसवूनही त्याला सुकाणू वेगळे लागते, उथळ पाण्यात ढकलायला काठी वेगळी लागते, आणि पंखा बिघडला तर घरी यायला एक वल्हे होडीत ठेवावेच लागते. म्हणजे वल्ह्याचा खर्च वाचला नाही तो नाहीच.

वल्ह्याचा रिकामा फेरा टाळण्याची युक्ती चिनी नावाड्यांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच काढली होती आणि त्यात लोखंड जवळजवळ लागत नाही. होडीच्या मागच्या टोकावर एका खुंटीवर लांब, किंचित वाकडे वल्हे टेकवलेले असते. चीनमध्ये त्याला युलो म्हणतात, जपानमध्ये त्याच्या भावंडाला रो. मुठीपासून एक दोरी खाली होडीच्या फळीला बांधलेली असते. नावाडी उभा राहून मूठ एकदा आपल्याकडे ओढतो, एकदा पलीकडे ढकलतो. दोरीचा ताण असा येतो की प्रत्येक वेळी पाते आपोआप योग्य बाजूला कलते आणि पाणी मागे सारते. पाते पाण्याबाहेर निघतच नाही. माशाची शेपटी जशी हलते तसे ते हलते. बाजूला वल्हे पसरायला जागा लागत नाही, त्यामुळे होड्यांनी गजबजलेल्या अरुंद पाण्यातही ते चालते, आणि दिशा देण्याचे कामही तेच करते. हाताने होडी चालवायची जितकी साधने आम्हाला समजली, त्यांत आमच्या मते सगळ्यात हुशारीचे हेच. पंखा पूर्ण गोल फिरतो, हे पाते अर्धे फिरून परत येते, एवढाच काय तो फरक. अडचण एकच, ते शिकावे लागते. पहिल्या दिवशी वल्हे खुंटीवरून निसटते आणि माणूस जागच्या जागी गोल फिरत बसतो.

मुठीचा इतिहास

फिरवायची मूठ, जिला आपले मिस्त्री क्रँक म्हणतात, ती पाण्याशी फार पूर्वीच जोडली गेली. दियारबकरच्या आर्तुकी दरबारातले कारागीर इस्माईल अल-जझरी यांनी १२०६ साली आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात पाणी वर चढवणाऱ्या यंत्रांमध्ये क्रँकचा वापर आहे. ते पाणी उपसण्यासाठी होते, होडी चालवण्यासाठी नव्हे. उगाच सगळा मान आपल्याकडे ओढण्याची गरज नाही. पण गोल फिरणारी हालचाल आणि मागेपुढे जाणारी हालचाल यांची अदलाबदल करण्याचा हुनर कुठून कुठे पोचला, ते त्यावरून समजते.

मुठीने फिरणारा पंखा होडीला लावल्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. कनेक्टिकटच्या डेव्हिड बुशनेलने १७७५ साली लाकडाची, पिंपासारखी, पाण्याखालून जाणारी एक माणसाची नौका बांधली. तिला 'टर्टल' म्हणजे कासव म्हणत. तिचे पितळी भाग न्यू हेवनच्या आयझॅक डुलिटल या घड्याळजीने करून दिले. १७७६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या बंदरात 'ईगल' या इंग्रज जहाजाच्या बुडाला सुरुंग लावायला ती गेली. आत एझ्रा ली नावाचा एकच शिपाई. त्याने मुठी फिरवून पुढे जायचे, खाली-वर व्हायचे, सुकाणू धरायचे, जहाजाच्या बुडात स्क्रू बसवायचा, आणि पाण्याखाली गेल्यावर हे सगळे अर्ध्या तासाच्या हवेत. पाण्याच्या ओढीशी झगडण्यातच त्याचा दम गेला आणि मोहीम फसली. घड्याळजीच्या पितळी कामात खोट नव्हती. दोन हातांना चार कामे लावली होती.

पुढे १८६३ मध्ये अलाबामाच्या मोबील शहरात सुमारे ४० फूट लांबीची 'हनली' बांधली गेली. तिच्यात सात जण एका रांगेत बसून एकच लांब क्रँक फिरवत आणि आठवा फक्त दिशा सांभाळत असे. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्स्टनजवळ तिने 'हाउसॅटॉनिक' ही युद्धनौका बुडवली, पण स्वतःही परत आली नाही. त्याआधी ती दोनदा बुडाली होती. तिन्ही वेळा मिळून २१ माणसे गेली. २००० साली तिचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. असल्या विनाशी कामाचे आम्हाला कौतुक नाही. पण कारागिराच्या नजरेने पाहिले तर कासवात जे जमले नाही ते इथे जमले, कारण फिरवणारे हात वेगळे होते आणि सुकाणूचे हात वेगळे.

खलाशांच्या आठवणीतल्या दांड्या

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर जहाजाच्या नोकरीत आयुष्य काढलेला वडीलधारा माणूस नाही असे मुस्लिम मोहल्ले थोडे. या जुन्या खलाशांपैकी कित्येकांनी हाताने चालणारा पंखा प्रत्यक्ष चालवला आहे. जहाजाच्या लाइफबोटीत बाकांच्या मध्ये उभ्या दांड्या असत. बसलेल्यांनी त्या पुढे ढकलायच्या आणि मागे ओढायच्या. सगळ्या दांड्या सळईने मागच्या गिअरपेटीला जोडलेल्या, आणि ती पेटी पंखा फिरवी. याला फ्लेमिंग गिअर म्हणत.

लाइफबोटीत वल्ही असतानाही हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर १९६० च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात सापडते. त्यात असा नियम होता की ६० पेक्षा जास्त आणि १०० पर्यंत माणसे घेणाऱ्या लाइफबोटीला एकतर इंजिन हवे, नाहीतर मान्यताप्राप्त यांत्रिक साधन हवे. आणि ते साधन हाताचे असेल तर ते न शिकलेल्या माणसाला चालवता आले पाहिजे, तसेच बोटीत पाणी भरलेले असतानाही चालले पाहिजे. न शिकलेला माणूस, ही अट महत्त्वाची. जहाज बुडताना बोटीत चढतो तो प्रवासी असतो, स्वयंपाकी असतो, घाबरलेली बाईमाणसे असतात. गर्दीत वीस जणांना एका तालात वल्ही मारायला लावणे शक्य नाही, एकमेकांच्या डोक्यात वल्ही बसायची. दांडी मात्र कुणीही ढकलतो. ताल चुकला तरी पंखा फिरतो. सुकाणूवर एक जाणता माणूस असला की पुरे.

म्हणजे हे यंत्र वेगवान होते म्हणून टिकले नाही. ते अडाण्यालाही चालवता येत होते म्हणून टिकले. १९८३ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९८६ पासून नव्या जहाजांच्या प्रत्येक लाइफबोटीला डिझेल इंजिन आवश्यक ठरले. तिथून या दांड्यांचे दिवस सरले. पण जो गुण त्यांना बाजार मिळवून देत होता तो आजही विकता येण्यासारखा आहे, आणि आमच्या कारागीर बांधवांचे लक्ष नेमके त्याच्याकडे नाही.

ताकदीचा हिशेब

आता थोडा हिशेब. धडधाकट माणूस न थकता बराच वेळ जे काम करू शकतो ते साधारण ७५ वॅटचे, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा भाग. त्यामुळे दोन अश्वशक्तीचे बारीकसे इंजिन वीस माणसांचे काम करते. आणि हे ७५ वॅटही मुख्यतः पायांचे. नुसत्या हातांनी फिरवायचे म्हटले तर आकडा आणखी खाली येतो. इथेच वल्ह्याचा छुपा फायदा आहे. वल्हे ओढताना नावाडी नुसते हात वापरत नाही. पाय पुढच्या फळीला टेकवतो, कमरेतून मागे झुकतो आणि पाठीने ओढतो. मूठ फिरवणाऱ्याकडे खांदा आणि दंड एवढेच. पंखा कितीही चांगला केला तरी सुरुवातच अशी तोट्यातून.

दुसरे, होडीचा वेग दुप्पट हवा तर ताकद दुप्पट लावून भागत नाही, सुमारे आठपट लागते. १६ फुटी होडी तर ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पोचली की स्वतःच्याच लाटेत अडकते. त्यापुढे माणसाच्या ताकदीने ती जाणार नाही. तेव्हा 'वल्ह्याच्या दुप्पट वेग' असे जो छापील पत्रकात लिहील त्याच्याकडून नग घेऊ नये.

पंख्याच्या बाबतीत आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी जुन्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा आणून मुठीच्या दांड्याला लावला. तो रुंद पात्यांचा आणि व्यासाने लहान असतो, कारण इंजिन त्याला मिनिटाला हजारावर फेरे देते. माणसाची मूठ मिनिटाला ५०-६० फेरे घेते. साखळीने तिप्पट-चौपट वाढवले तरी दोनशेच्या आसपास. एवढ्या संथ फेऱ्यांना पंखा मोठ्या व्यासाचा आणि पाती अरुंद हवीत. त्या मिस्त्रींचा पंखा पाणी नुसते घुसळत होता. मोठा पंखा लावावा तर तो खाडीच्या उथळ पाण्यात तळाला लागतो. या दोन टोकांमधून वाट काढणे हीच खरी कारागिरी, आणि ती जागेवर, त्या त्या पाण्यात करून पाहावी लागते.

त्याच मिस्त्रींना आम्ही विचारले होते, "उस्ताद, मासे मारणाऱ्याला विकणार म्हणता, तर जाळे कोण टाकणार?" ते म्हणाले, "भाऊ बसेल की सोबत." म्हणजे एका माणसाच्या होडीत दोन माणसांची मजुरी. होबी या अमेरिकी कंपनीने १९९७ मध्ये पायाने हलवायचे, खाली माशाच्या कल्ल्यांसारखे दोन पर असलेले यंत्र लहान होड्यांसाठी काढले आणि गळ टाकणाऱ्यांनी ते उचलून धरले, कारण हात मोकळे राहतात. ज्याचे पाय चांगले आहेत त्याला हाताची मूठ विकायला जाऊ नये. शिंप्याने पायाचे मशीन घेतले ते याच कारणाने.

मग गिऱ्हाईक कोण?

ज्याचे पाय चालत नाहीत तो. अपंगांची हाताने चालवायची तीनचाकी सायकल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को १९७२ साली अपंगांची साधने करण्यासाठीच निघाली. तशा सायकलची मूठ, दातेरी चाक, साखळी, बेअरिंग हे सगळे लुधियानाच्या मालात कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते. असा माणूस वल्हे मारू शकतो, पण पाय टेकवून पाठीचा जोर लावू शकत नाही. वल्ह्याचा जो फायदा वर सांगितला तो त्याच्यापाशी नाहीच. आणि वर्षानुवर्षे सायकल ओढून त्याचे दंड तयार झालेले असतात. त्याच्यासाठी रुंद, न कलंडणारी होडी, आणि मूठ, साखळी, पंखा एकाच उभ्या खांबावर असे बसवावे की मुठीचा सांगाडा वळवला की पंखाही वळावा. मग सुकाणूला तिसरा हात लागत नाही. मागच्या टोकाला अडकवायच्या अशा हातपंख्यांची पेटंटे अमेरिकेत निघालेली आहेत, त्यामुळे मूळ कल्पना आपली म्हणून मिरवू नये. तलावावरच्या बोट क्लबला असा एखादा नग हवा असू शकतो. मासेमारीच्या तलावावर बसून दिवस काढणाऱ्या एखाद्या अपंग भावाला तर तो रोजी देईल. नग थोडे खपतील, पण अडून परत येणार नाहीत.

दुसरे गिऱ्हाईक लाइफबोटीसारखेच : ज्यांना वल्हे येत नाही अशी पुष्कळ माणसे आणि हातात एक होडी. तरंगत्या जेटीवरून सामान इकडचे तिकडे नेणारे तराफे, मत्स्यशेतीच्या तळ्यावरचे खाद्य टाकायचे पडाव, अशा ठिकाणी दांड्यांचे यंत्र बसू शकते.

पुरासाठी मात्र आम्ही स्पष्ट नाही म्हणू. २६ जुलै २००५ ला मुंबई-कल्याण-भिवंडी पट्ट्यात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जे झाले ते व्यापारी विसरलेले नाहीत. वाशिष्ठीचे पाणी पेठेत शिरले तेव्हा दुकानांतले गठ्ठे सुटून कापड पाण्यावर आले. पुराच्या पाण्यात साड्या असतात, वायरी असतात, प्लास्टिक असते, बुडालेल्या स्कूटरचे हँडल असते. पंख्याला नऊवारी गुंडाळली गेली की ती सोडवायला पाण्यात उतरावे लागते, आणि त्या वाहत्या पाण्यात कोण उतरणार? तिथे काठी आणि वल्हे. पुराच्या नावावर कोणी हातपंख्याच्या होड्या खपवू पाहत असेल तर आपल्या मोहल्ल्याच्या तरुण मंडळाने वर्गणीचे पैसे त्यात घालू नयेत. त्याच पैशात चार बांबू, चार वल्ही, लाइफ जॅकेटे आणि पोरांना दोन महिने शिकवणारा एक नावाडी मिळेल.

मालाविषयी दोन शब्द

ज्यांना नग करायचाच आहे त्यांच्यासाठी मालाविषयी थोडे. सायकलचे छर्रे आणि साधी साखळी गोड्या पाण्यात तेल घालून चालतील, खाडीच्या खाऱ्या पाण्यात एका हंगामात गंजून बसतील. पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटवून खाऱ्या पाण्यात ठेवले की लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. म्हणून पाण्याखाली दोन धातू एकत्र आणू नयेत. साखळी आणि दाते शक्यतो पाण्यावर ठेवावेत. साखळीला लांबी पुरेशी दिली तर ती पाव वळण घेऊन उभ्याची आडवी होते, त्यामुळे काटकोनी गिअर टळतो आणि खर्चही वाचतो.

पाण्याखालच्या दांड्याला बुश लाकडाचा किंवा नायलॉनचा चालतो, त्याला पाण्याचेच वंगण पुरते. लाकडाचा म्हटल्यावर आमचे मिस्त्री हसले होते. पण आगबोटी आल्या तेव्हा पंख्याच्या दांड्याचे पितळी बुश इतके झिजत की जहाजे निकामी होत. १८५४ मध्ये इंग्लंडच्या जॉन पेन या इंजिनिअरने लिग्नम व्हायटी नावाच्या कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या त्या जागी बसवल्या आणि झीज थांबली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मोठमोठ्या जहाजांचे पंखे लाकडावर फिरत होते.

आणि पंख्याच्या वर होडीच्या तळात हात जाईल एवढी उभी नळी किंवा झाकणाची खिडकी जरूर ठेवावी. तिची वरची कड बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा चांगली उंच हवी, नाहीतर झाकण काढताच होडीत पाणी. शेवाळ, दोरा, पिशवी जे काही अडकेल ते बसल्या जागी काढता आले पाहिजे. ज्याचे पाय चालत नाहीत अशा गिऱ्हाइकाला होडीबाहेर वाकायला लावणारा नग दुकानातून बाहेर जाता कामा नये.